आरसी गाडीचा ईएससी खरंच गेलाय का?

रिमोटवर चालणारी आरसी गाडी जागची हलेना झाली की पहिला संशय ईएससीवर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलरवर, येतो आणि लगेच नव्याची ऑर्डर जाते. नवा बसवला तरी गाडी ढिम्म, कारण दोष टी-प्लगच्या (बॅटरी जोडायच्या प्लगच्या) डागात, म्हणजे सोल्डरच्या जोडात, किंवा रिमोटच्या ट्रिममध्ये (ट्रिगरचा मध्य सरकवणाऱ्या सेटिंगमध्ये) असतो. याच्या उलटा प्रकार जास्त महागात पडतो. ईएससी खरोखर जळलेला असतो, पण त्याला जाळणारी मोटर गाडीत तशीच बसलेली असते, आणि पहिल्याच धावेत ती नव्याचाही बळी घेते. त्यामुळे ईएससी गेलाय का याच्या जोडीला तो कशाने गेला हेही शोधावं लागतं.

इथे सांगितलेली रीत बॅटरीकडून चाकाकडे जाते. मधला टप्पा गाळू नका आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बॅटरी, प्लग आणि ट्रिम एकदम बदलून गाडी चालू झाली तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि पुढच्या रविवारी मैदानावर तेच पुन्हा होतं.

डोळ्यांपुढे आहेत त्या १/१० मापाच्या, २ सेलच्या लायपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर) किंवा ७.२ व्होल्टच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या: टॅमियाची टीटी-०२, ट्रॅक्ससच्या, एक्सएल-५ ईएससी लावलेल्या गाड्या, हॉबीविंगचा क्विकरन १०६० ईएससी बसवलेल्या घरगुती जुळण्या. ब्रशलेस (ब्रश नसलेल्या, तीन तारांच्या) मोटरचं जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलं आहे. स्वस्त तयार गाड्यांत बरेचदा रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) आणि ईएससी सर्किटच्या एकाच पाटीवर असतात. तिथे पुढे येणारी चॅनल बदलून बघण्याची युक्ती चालणार नाही, बाकी बहुतेक सगळं लागू पडेल.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टिमीटर, लायपोचे सेल वेगवेगळे दाखवणारा चेकर आणि मोटरसायकलच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब. बल्बचं काम पुढे येईल. तापमान बघायची इन्फ्रारेड बंदूक असली तर उत्तम. गाडी एखाद्या खोक्यावर अशी ठेवा की चारही चाकं अधांतरी राहतील. शक्य असेल तर पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) स्परपासून (ते ज्याला फिरवतं त्या मोठ्या दातेरी चाकापासून) मागे सरकवा, म्हणजे मोटर फिरली तरी चाकं फिरणार नाहीत. चाकं हवेत असताना पूर्ण ट्रिगर ओढून धरू नका. मोकळे टायर फुगतात आणि रिमवरून सुटतात.

बॅटरी फुगलेली असेल तर तपासणी तिथेच थांबवा. ती बॅटरी बाजूला काढा आणि दुसरी आणा.

बिघाड नसलेले बिघाड

मीटर हातात घेण्याआधी हे बघून घ्या. आलेल्या तक्रारींतल्या पुष्कळशा इथेच निकालात निघतात.

रिव्हर्स लागत नाही. बहुतेक ईएससींत ट्रिगर पुढे ढकलला की आधी ब्रेक लागतो. ट्रिगर मधे आणून पुन्हा ढकलला की मग गाडी मागे जाते. तरीही जात नसेल तर १०६० वरचे दोन छोटे जंपर (पिनांवर बसणाऱ्या टोप्या) बघा. एक बॅटरीचा प्रकार ठरवतो, दुसरा रिव्हर्स हवा की नको ते. धक्क्याने जंपर निसटला असेल तर पुन्हा जागेवर बसवा.

गाडी निम्म्याच वेगाने पळते. एक्सएल-५ असेल तर ती बहुधा ट्रेनिंग मोडमध्ये गेली आहे, त्यात पुढचा आणि मागचा वेग ५० टक्क्यांवर बांधलेला असतो. घरातल्या कुणीतरी बटण दाबून धरलेलं असतं. बटण पुन्हा दाबून धरून पहिलं प्रोफाइल निवडा.

बॅटरी जोडताना बारीक ठिणगी पडते. ईएससीच्या तोंडाशी असलेले कपॅसिटर भरतानाची ती ठिणगी आहे, तिला घाबरू नका. जोडून झाल्यावरही ठिणग्या पडत राहिल्या किंवा तारा तापायला लागल्या तर मात्र ताबडतोब प्लग ओढा.

पहिला टप्पा: वीज पोचतेय का

२ सेलची लायपो पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट दाखवते, म्हणजे सेलमागे ४.२. चेकर लावून दोन्ही सेल बघा. एक ३.९ आणि दुसरा ३.३ असेल तर बेरीज बरी दिसेल, पण दमदार ट्रिगर ओढला की अशक्त सेल कोसळेल आणि ईएससी वीज तोडेल. दोष मात्र ईएससीच्या माथी येतो.

आता मीटर बॅटरीच्या प्लगवर लावू नका, प्लग जोडून ईएससीच्या बाजूला जिथे तार पाटीला डाग दिलेली आहे तिथे लावा. बॅटरीवर ८.२ आणि इथे काहीच नाही, किंवा आकडा नाचतोय, तर प्लगचा डाग सुटलाय. टी-प्लगच्या डागावरची हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) सरकवून बघा. चांगला डाग चकचकीत आणि तारेत मुरलेला असतो. वाईट डाग राखाडी, दाणेदार असतो, आणि तार हलकेच पिळली की गोळ्याच्या आत फिरते. जाड तारेला सोल्डरिंगची २५ वॅटची इस्त्री पुरत नाही, डाग वरवर बसतो. ६० वॅटची घ्या आणि डाग देताना प्लगचा जोडीदार त्यात घालून ठेवा, म्हणजे प्लास्टिक वितळून पिना वाकड्या होणार नाहीत.

पांढरे टॅमिया प्लगही संशयितांत धरा. मूळच्या संथ मोटरला ते पुरतात. जोरदार मोटर लावली की आतल्या पितळी पिना सैल होतात, तापतात आणि प्लास्टिक पिवळट-तपकिरी पडतं. असा रंग दिसला तर प्लग बदलाच.

वीज पोचतेय पण एलईडी लागत नाही? ईएससीचा सरकता स्विच बघा. धुळीने आणि हादऱ्यांनी हा स्विच ईएससीच्या कितीतरी आधी जातो. बॅटरी काढा, मीटर बझरवर (जोड सलग असला की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि स्विचच्या दोन तारांवर टोकं लावून स्विच मागेपुढे करा. एका बाजूला सलग आवाज, दुसऱ्या बाजूला शांतता, हे ठीक. आवाज तुटक येत असेल किंवा स्विच बोटाने हलवल्यावर जात असेल तर काही रुपयांचा स्विच बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत असे स्विच, प्लग आणि हीटश्रिंक सुटे मिळतात.

दुसरा टप्पा: रिसीव्हर आणि सर्व्होची वीज

ईएससीचं एक काम कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याच्या आतला बीईसी बॅटरीचे व्होल्ट उतरवून रिसीव्हर आणि सर्व्होला (स्टीअरिंग वळवणाऱ्या मोटरला) पुरवतो, बहुतेक ठिकाणी ५ ते ६ व्होल्ट. रिसीव्हरमध्ये जाणारी तीन तारांची वायर हीच: काळी किंवा तपकिरी मायनस, लाल प्लस, पांढरी किंवा केशरी सिग्नल. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलवर, काळ्या आणि लाल पिनांवर मीटर लावा. आकडा स्थिर दिसला तर सर्व्हो जोडलेला ठेवून स्टीअरिंग एका टोकाला दाबून धरा. ६ वरून ४ च्या खाली गडगडला की रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. वळणावर गाडी गचके खाते ती यामुळे.

इथे सर्व्हो काढून तोच प्रयोग करा. सर्व्होशिवाय आकडा स्थिर राहिला तर ईएससीआधी सर्व्होवर संशय घ्या. सर्व्हो तरी अडकलाय, किंवा त्याचा हात शेवटाला जाऊन स्टीअरिंगच्या जोडावर रेटतोय. रिमोटवर शेवटची मर्यादा थोडी कमी करा. जादा ताकदीचा सर्व्हो लावला असेल आणि बीईसी २ अँपिअरचाच असेल तर वेगळा बीईसी लावा. मात्र तेव्हा ईएससीच्या वायरीतली लाल तार पिनेतून काढून टेपने बंद करा. दोन बीईसी एकाच लाल तारेवर आले की एकमेकांशी भांडतात.

तिसरा टप्पा: सिग्नल

स्टीअरिंग चालतं, एलईडी लागतो, मोटर गप्प. इथे एक झटपट प्रयोग आहे. गाडी खोक्यावर आहे ना, ते पुन्हा बघा. रिसीव्हरवर ईएससीची वायर चॅनल १ मध्ये आणि सर्व्होची चॅनल २ मध्ये लावा. आता ट्रिगर ओढल्यावर सर्व्हो हलला तर रिमोट आणि रिसीव्हरचा थ्रॉटल (वेगाचा) चॅनल ठीक आहे. रिमोटचं चाक फिरवल्यावर मोटर फिरली तर ईएससी आणि मोटर दोन्ही जिवंत आहेत, घोळ थ्रॉटल चॅनलच्या मांडणीत आहे. वायरी पुन्हा जागेवर लावायला विसरू नका.

मांडणीचा घोळ म्हणजे बहुतेक वेळा न्यूट्रल. रिसीव्हरकडून ईएससीला दर सेकंदाला साधारण ५० ठोके जातात आणि ठोक्याची लांबी वेग ठरवते: सुमारे १.५ मिलिसेकंद म्हणजे मध्य, १ आणि २ ही दोन टोकं. ईएससी चालू होताना त्याला मध्य सापडला नाही तर तो सुरक्षेसाठी मोटर देतच नाही, नुसता एलईडी लुकलुकवतो किंवा बीप देत बसतो. ट्रिम एखाद्या बाजूला सरकलेली असली तरी पुरते.

कॅलिब्रेशन, म्हणजे ईएससीला हा मध्य आणि दोन टोकं शिकवणं, असं करा. रिमोटवर ट्रिम शून्यावर आणि थ्रॉटलच्या दोन्ही मर्यादा १०० टक्क्यांवर आणा. एबीएस वगैरे बंद करा. रिमोट आधी चालू, मग ईएससी. हा क्रम कायमचा लक्षात ठेवा, बंद करताना उलटा. हॉबीविंगच्या सेट बटण असलेल्या ब्रशलेस ईएससीत बटण दाबून धरून स्विच चालू करतात आणि लाल एलईडी लुकलुकला की बटण सोडतात. ट्रिगर मधे ठेवून एकदा दाबा: हिरवा एकदा चमकेल. पूर्ण ओढून धरून दाबा: दोनदा. पूर्ण ब्रेकवर धरून दाबा: तीनदा. झालं. १०६० ला यातलं काही लागत नाही. तो चालू झाल्यावर स्वतःच मध्य ठरवून घेतो, म्हणून स्विच टाकल्यावर तीनेक सेकंद ट्रिगरला हात लावायचा नाही. त्याचे बीपही ऐका. एक आखूड बीप निकेलच्या बॅटरीचा, दोन म्हणजे २ सेलची लायपो, आणि शेवटचा लांब बीप म्हणजे तयार. लायपो लावली असताना एकच बीप आला तर जंपर चुकीच्या जागी आहे.

फुटाबाचा रिमोट असेल तर थ्रॉटल चॅनल बऱ्याचदा उलटा करावा लागतो. नाहीतर कॅलिब्रेशन करताना ईएससी पुढच्याला मागचं समजतो, किंवा ते मानायलाच तयार होत नाही.

चौथा टप्पा: मोटर

ईएससीला दोष देण्याआधी मोटर सुटी करून तपासायलाच हवी. ब्रश्ड मोटरच्या दोन तारा ईएससीपासून काढा आणि चार पेन्सिल सेलच्या पाकिटावर क्षणभर टेकवा. मोटर सहज, एका सुरात फिरली पाहिजे. अडखळली, किंवा बोटाने ढकलल्यावरच सुरू झाली, तर ब्रश झिजलेत किंवा कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो भाग) काळा पडलाय. मोटरच्या पाठीवर तीन बारीक कपॅसिटर असतात, साधारण १०४ लिहिलेले. त्यातला एखादा तुटून लटकत असेल तर ठिणग्यांचा गोंगाट रिसीव्हरपर्यंत जातो आणि गाडी दूर गेल्यावर गचके देते. डाग देऊन पुन्हा बसवा. ब्रशलेस मोटरला मात्र असे कपॅसिटर लावायचे नसतात.

ब्रशलेसची तपासणी मीटरपेक्षा बोटांनी चांगली होते. तिची गुंडाळी इतक्या कमी ओहमची असते की साधा मीटर तिन्ही जोड्यांना जवळपास शून्यच दाखवतो. तिन्ही तारा एकमेकींपासून मोकळ्या ठेवून दांडा फिरवा: चुंबकाचे हलके खाचे जाणवतील, पण फिरणं मोकळं असेल. आता कुठल्याही दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवून फिरवा. दांडा घट्ट होईल. तिन्ही जोड्या पाळीपाळीने करा. तिन्ही वेळा घट्टपणा सारखा हवा. एखाद्या जोडीला दांडा मोकळाच राहिला तर ती गुंडाळी किंवा तिचा डाग तुटलाय. शेवटी मीटर बझरवर ठेवून प्रत्येक तार आणि मोटरचं धातूचं कवच तपासा. आवाज आला तर मोटर कवचाला शॉर्ट आहे. ती कुठल्याही ईएससीला जोडू नका.

मोटर नुसती थरथरते, फिरत नाही, हे तीनपैकी एक तार सुटल्याचं लक्षण. गोल बुलेट कनेक्टर ओढून बघा, सैल लागेल तो बदला. सेन्सर नसलेल्या मोटरच्या तारा कशाही जोडल्या तरी चालतात. उलटी फिरली तर कुठल्याही दोन अदलाबदल करा. सेन्सर वायर असलेल्या मोटरला हे करायचं नाही. तिथे ए ला ए, बी ला बी, सी ला सी लागतं, आणि दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदलते.

पाचवा टप्पा: आता ईएससी

बॅटरी काढलेली. आधी बोटांचीच एक चाचणी. मोटर ईएससीला जोडलेली ठेवून दांडा फिरवा, मग सुटी करून फिरवा. जोडलेली असताना दांडा स्पष्टपणे घट्ट लागत असेल तर ईएससीतले मॉस्फेट (मोटरची वीज चालू-बंद करणारे भाग) शॉर्ट झालेत.

मीटरने खात्री करा. मोटर सुटी, मीटर बझरवर. ईएससीच्या बॅटरी प्लसपासून मोटरच्या प्रत्येक तारेपर्यंत, मग मायनसपासून प्रत्येक तारेपर्यंत. कुठेही सलग आवाज यायला नको. अपवाद एकच: रिव्हर्स नसलेल्या काही जुन्या ब्रश्ड ईएससींत मोटरची एक तार थेट बॅटरी प्लसला जोडलेली असते, तिथे आवाज येणारच. नंतर मीटर डायोडवर घ्या. लाल टोक बॅटरी मायनसवर, काळं मोटरच्या तारांवर एकेक करून. ०.४ ते ०.६ च्या आसपास आकडा येतो. आकडा नेमका किती यापेक्षा सगळ्या तारांचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते महत्त्वाचं. दोन ०.४८ आणि तिसरी ०.०२ असेल तर निकाल लागला.

मीटर गोंधळात टाकत असेल तर बल्ब काढा. बॅटरीच्या प्लसमधून बल्ब, बल्बमधून ईएससीचा प्लस, मायनस थेट. सर्व्हो आणि मोटर सुटी. बॅटरी जोडून स्विच टाकल्यावर बल्ब क्षणभर चमकून विझला तर आत शॉर्ट नाही, कपॅसिटर भरले एवढंच. बल्ब पेटलेलाच राहिला तर शॉर्ट आहे. बल्ब आड असल्यामुळे दीड-दोन अँपिअरपेक्षा जास्त वाहत नाही, म्हणून धूर निघत नाही. पहिल्यांदा जोडायच्या कुठल्याही ईएससीला, विशेषतः स्वतः डाग दिलेल्या प्लगवर, आधी असा बल्ब लावावा. प्लस-मायनस उलटे झाले की साधारण ईएससी जागच्या जागी जातो, त्यावर उपाय नाही.

मॉस्फेट बदलून ईएससी जगवता येतो का? येतो, पण एक गेला की बरेचदा त्याला चालवणारा चिपही जखमी असतो, आणि दुरुस्तीचा तास नव्याच्या किमतीला पोचतो. १०६० सारख्या स्वस्त ईएससीवर मी हा खटाटोप करणार नाही. बाहेर दिसणारे गोल कपॅसिटर फुगले असतील तर मात्र ते जरूर बदला: तेवढेच किंवा जास्त मायक्रोफॅरड, तेवढेच किंवा जास्त व्होल्ट, कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले), आणि पट्टीची बाजू मायनसला.

थोडी पळते आणि थांबते

ही तक्रार सगळ्यात फसवी, कारण ईएससी अगदी बरोबर काम करत असतो. तो दोनच कारणांनी हात आखडता घेतो: व्होल्ट पडले किंवा तापमान चढलं.

व्होल्टचं लक्षण असं की गाडी हळू चालवली तर चालते आणि जोरात ट्रिगर ओढला की मरगळते. १०६० लायपोवर सेलमागे ३.२५ व्होल्टच्या खाली ताकद निम्मी करतो आणि ३ व्होल्टला तोडतो. निकेलची बॅटरी लावून जंपर लायपोवर ठेवला तर सहा सेलची बॅटरी भर दमात असतानाही त्या आकड्याखाली बुडी मारते आणि गाडी लवकर थांबते. उलट चूक जास्त वाईट. लायपो लावून सेटिंग निकेलचं असेल तर ईएससी वेळेवर तोडत नाही आणि बॅटरी कायमची जाते. एक्सएल-५ वर हिरवा एलईडी म्हणजे लायपोचं संरक्षण चालू, लाल म्हणजे बंद. टॅमियाच्या टीबीएलई-०२एस मध्ये असं संरक्षणच नाही. त्यावर लायपो चालवायची तर बॅलन्स प्लगला (सेल वेगवेगळे मोजायच्या छोट्या प्लगला) लावायचा अलार्म हवा.

तापल्याचं लक्षण वेगळं. गाडी काही मिनिटं झकास पळते, मग बंद पडते, आणि तेवढीच मिनिटं थांबली की पुन्हा चालते. बॅटरीचे सेल बघितले तर ठीक असतात. यात ईएससीपेक्षा गिअरिंगचा हात मोठा. वेगाच्या हौसेने मोठा पिनियन लावला की मोटर जास्त अँपिअर ओढते आणि ती उष्णता ईएससीत साठते. एक-दोन दातांनी पिनियन लहान करा आणि फरक बघा. मोटरची मर्यादाही पाळा. १०६० ला २ सेलवर १२ टर्न (गुंडाळीचे वेढे) आणि ३ सेलवर १८ टर्नपेक्षा कमी टर्नची मोटर लावू नये.

पिनियन मागे घेऊन चाकं हाताने फिरवा. बेअरिंग अडकली असेल, एक्सलवर केस-दोरे गुंडाळले असतील, तर चाक लगेच थांबतं. पिनियन पुन्हा लावताना दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबा, स्क्रू आवळा, पट्टी काढा. पट्टी फाटता कामा नये, नुसती घडी पडलेली दिसली पाहिजे. पंखा असेल तर तो फिरतोय का बघा. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या घरात असते. तिथे थंडीत चालणारं गिअरिंग उन्हाळ्यात चालेलच असं नाही, दुपारी धाव आखूड ठेवा आणि बॉडीला मागून हवा जायला भोक पाडा. उंच गवत हे उन्हाइतकंच वाईट.

पाणी आणि वाळू

वॉटरप्रूफ लिहिलेला ईएससी पाण्यातून जातो, पण त्यावरचा पंखा आणि तुमचे बॅटरी प्लग वॉटरप्रूफ नसतात. धावेनंतर बॅटरी काढा, प्लग पुसा, गाडी वाऱ्यावर वाळू द्या. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर चालवली असेल तर आधी गोड्या पाण्याने खारं धुवून काढा. ईएससी वॉटरप्रूफ नसेल तर तो समुद्रावर नेऊच नका. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत लोहयुक्त इल्मेनाइट असतं. ती मोटरच्या फटींतून आत शिरून घासते, दांडा जड होतो, आणि ओढले जाणारे अँपिअर पुन्हा ईएससीच्याच डोक्यावर येतात.

नवा बसवताना

जुना कशाने गेला ते सापडलं असेल तरच नवा उघडा. डबल फेस टेप लावण्याआधी चेसिस स्पिरिटने पुसा. रिसीव्हरची अँटेना जाड तारांपासून लांब, उभ्या नळीत. बॅटरीच्या तारा उगाच लांब ठेवू नका. लांब तारांनी कपॅसिटरवर ताण येतो. बल्ब लावून पहिली चाचणी, मग बल्ब काढून खोक्यावर कॅलिब्रेशन, मग रिमोट बंद करून गाडी आपोआप थांबते का ते. हे शेवटचं खोक्यावरच बघा.

त्यानंतर मैदानावर दोन मिनिटं अर्ध्या ट्रिगरवर चालवा, थांबा आणि मोटर, ईएससी, बॅटरी प्लग असं तिन्हीकडे तापमान घ्या. मोटर ८० अंशांच्या वर असेल तर पिनियन लहान करा. बाकी थंड आणि प्लगच गरम असेल तर इस्त्री पुन्हा तापवा.